जमेचे आप्पा

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालं, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. आधी किल्ल्याची टेकडी दिसते, मग तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं आणि मग, तुमचं नशीब तसं असेल तर, आप्पा.

आप्पा तांबट. उभं आयुष्य हंडे, घंगाळं आणि गुंड ठोकण्यात गेलं. आता मुलगा दुकान बघतो आणि आप्पा मुलाला बघतात. तरी हातोडी सुटलेली नाही. जुन्या भांड्याचा पोचा काढायचा असला, की मुलाला बाजूला सारून स्वतः बसतात. ठोक्यांनी कान अर्धे गेलेत, त्यामुळे आप्पा सगळ्यांशी ओरडून बोलतात आणि सगळे आपल्याशीच का पुटपुटतात म्हणून चिडतात. स्वभाव कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा, काहीही ठेवा, कळकणारच. कोथिंबिरीच्या जुडीवरून ते आठवडी बाजारात एवढा वेळ हुज्जत घालतात, की जुडी घरी पोचेपर्यंत माना टाकते.

अशा या माणसाने एक वही ठेवली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दिवाळीत व्यापारी पूजतात तसली. गावात, रस्त्यात, एसटीत कोणी कोणाशी चांगलं वागलेलं दिसलं, की आप्पा ते टिपून ठेवतात. तारीख, तपशील आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सगळी पानं जमेची, खर्चाचं एकही नाही. हा कुठला हिशोब, असं मी एकदा विचारलं. आप्पा नेहमीच्या पट्टीत ओरडले, “खर्च सांगाले आख्खं गाव शे, गुर्जी. जमा लिखाले कोनी नही!”

हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे एखादा प्रेमळ, पांढऱ्या मिशांचा आजोबा उभा राहिला असेल तर त्याला खाली बसवा. आप्पांच्या वहीत शिरणं बँकेचं कर्ज मिळवण्यापेक्षा अवघड आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. गावोगावचे जुने कागद गोळा करून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, आणि त्यांच्या रागाच्या गोष्टीही तेवढेच खंड भरतील इतक्या सांगतात. आप्पा मला त्याच परंपरेतले वाटतात. फक्त यांचे कागद ताजे असतात.

नमुन्यादाखल काही नोंदी देतो.

“एसटीत तरण्याने म्हातारीला जागा दिली. शेरा: तो पुढच्याच थांब्यावर उतरला. अर्धी जमा.”

“चहावाल्याने जास्त आलेले पन्नास रुपये परत केले. शेरा: गिऱ्हाईक हवालदार होता. रद्द.”

“पावसात कुत्री भिजत होती. हमालाने डोक्यावरचं पोतं तिच्यावर टाकलं. शेरा: पोतं एकच होतं. जमा.”

एका नियमात तर आप्पा कोणाच्या बापाला हार जात नाहीत. फोटो निघाला, की नोंद नाही. मागे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फळवाटप झालं. केळी शंभर आणि कॅमेरे दहा. कार्यकर्ते फोटो घेऊन दुकानात आले, ‘आप्पा, एवढं वहीत घ्या.’ आप्पांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. “फोटू काढा ना? मंग मजुरी भेटी गई. आते जमा काय करू?”

त्यामुळे झालं असं, की गावातल्या पोरांना वहीचा नाद लागला. एक दिवस चौघांनी दुकानासमोरून एक बंद रिक्षा घाम गाळत ढकलत नेली. थोड्या वेळाने तीच रिक्षा, तीच पोरं, उलट्या दिशेने. आप्पांनी दोन्ही फेऱ्या शांतपणे पाहिल्या आणि लिहिलं: “शेरा: रिक्षा चालू होती.”

मी पडलो मास्तर. रोज सकाळी पेपर वाचून मी दुकानाच्या पायरीशी येतो आणि एकेक बातमी आप्पांच्या पुढ्यात टाकतो. कापसाला भाव नाही, पाऊस दडी मारून बसलाय, अमक्या देशाने तमक्या देशावर बॉम्ब टाकले. आप्पा हंड्यात डोकं घालून पोचा शोधत असतात. माझं संपलं की हंड्याच्या आतूनच विचारतात, “नोंद करासारखं काही शे का?” नसतं. मग मला चहा मिळत नाही.

एकदा मीही चिडलो. म्हटलं, “आप्पा, दुनिया जळतेय आणि तुम्ही पोत्याच्या नोंदी कसल्या करता? आंधळेपणा आहे हा.” आप्पांनी हंड्यातून डोकं काढलं आणि मला थेट १९३२ सालात नेलं. धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. हे मीच वर्गात शिकवतो, पण आप्पांनी विचारलेला प्रश्न कुठल्याही परीक्षेत आलेला नाही. “जेलमा बठीसन साने गुर्जीनी काय लिखं? डाळ पातळ शे, हाई लिखं का?”

यावर काय बोलणार? मी हंड्याकडे बघत बसलो.

गेल्या महिन्यात आप्पांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला नेलं, तेव्हा वही सांभाळायला माझ्याकडे आली. सांभाळायला दिलेली वही मास्तर वाचतोच. वाचत वाचत मी २०२० च्या पानांवर आलो.

ते दिवस महामार्गावरच्या माणसांना विसरता येणार नाहीत. २५ मार्चला देश बंद झाला आणि थोड्याच दिवसांत मुंबई-नाशिककडून माणसं चालत येऊ लागली. कोणाला मध्य प्रदेशात जायचं होतं, कोणाला पार उत्तर प्रदेशात. डोक्यावर बोचकं, खांद्यावर पोर, वर खानदेशचं ऊन. सोनगीर मागे टाकलं तरी पुढे नरडाणा, तापीचा पूल, शिरपूर, मग पळासनेर आणि त्यानंतर बिजासनचा घाट.

आप्पांच्या वहीत यातलं काही नाही. तिथे आहे ते असं:

“पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. लोकांच्या चपलांना बांधून दिल्या.”

“शेतकऱ्याने ठिबकची नळी काढून रस्त्यापर्यंत पाणी आणलं. त्याची मिरची सुकली.”

“एक बाई भाकऱ्यांची टोपली पुलाशी ठेवून गेली. कोण ते कळलं नाही.”

“चालणाऱ्यातल्या एकाने आपली भाकरी मोडून मागच्याला दिली.”

पानामागून पान. आणि शेऱ्याचा रकाना पूर्ण कोरा. ज्या माणसाने हवालदाराच्या पन्नास रुपयांची गय केली नाही, त्याने दोन महिने एकही शेरा मारला नव्हता. शिवाय अक्षर आप्पांचं नव्हतं. गोल, टपोरं, शाळकरी.

आप्पा काळा चष्मा लावून परतले, तेव्हा मी विचारलं, “हे अक्षर कोणाचं?”

“नातनं.”

“तुम्ही का नाही लिहिलं?”

आप्पा उगाच चष्मा सारखा करत बसले. मग, त्यांच्या मानाने अगदी हळू, म्हणजे समोरच्या दुकानापर्यंतच ऐकू जाईल असं म्हणाले, “मन्हा हात पीठमा व्हतात.” आणि लगेच दुकानाकडे तोंड करून मुलावर ओरडले, की घंगाळ असं धरतात का!

खरं तर मी इथेच थांबायला हवं होतं. पण वहीत स्वतःचं नाव शोधायचा मोह कोणाला आवरतो? सापडलं. गेल्या आषाढातली नोंद: “शाळेचे गुरुजी पावसात थांबले. पोराच्या सायकलची चेन बसवून दिली. हात काळे झाले.” माझा ऊर भरून आला. मग शेरा वाचला. “शंकास्पद.”

“आप्पा, शंकास्पद काय? मी भिजलो होतो!”

“भिजनात. पन तुम्ही पहिले मन्हाकडे देखं.”

मी पाहिलं होतं का? शपथेवर नाही म्हणता येईना, हीच तर पंचाईत.

परवा एका मोटारसायकलवरून कांद्याची गोणी फुटून रस्त्यावर पडली. मी पिशवी बाजूला ठेवली आणि वाकून कांदे गोळा करू लागलो. दुकान पाठीशी होतं. ठक, ठक, ठक असा पोचा काढल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला. माझी मान आपोआप वळू लागली होती, पण मी ती धरून ठेवली आणि चाकाखालचा शेवटचा कांदा मिळेपर्यंत वर काही पाहिलं नाही.