तिसरा गप्प

वडिलांनी १९८६ साली पद्मिनी घरी आणली, त्याच दिवशी डॅशबोर्डवर बोटभर उंचीचा पितळी गणपती चिकटवला. इतकी वर्षं तो मूर्तीला शोभेल असाच वागला. गेल्या पावसाळ्यापासून मात्र पोवई नाक्यावर गाडी उभी राहिली की तिला हुडहुडी भरे आणि बाप्पा, कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखे, बुवांचं काहीही न ऐकता डोलू लागत. निघाल्यावर तिची आणखी वेगळी तऱ्हा. यवतेश्वरच्या घाटात ॲक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर विचारात पडे. आजी अशीच उंबऱ्यापाशी येऊन थांबायची, आपण नेमक्या कशासाठी उठलो होतो ते आठवत. आजीच्या मागे एसटी नसायची, एवढाच फरक.

जुन्या गाडीच्या दुखण्यावर औषध सांगणारे, दुखणं ऐकून घ्यायच्या आधीच सांगून मोकळे होतात. कुणी म्हणालं कार्बोरेटर, कुणी पेट्रोलमधली भेसळ. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरात थांबली, याची एकाने मला फार हळुवारपणे आठवण करून दिली. मी आपला स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली. गाडी बंद पडायची थांबली खरी, पण तोतऱ्या माणसाने अडखळणं लपवायला मोठ्याने बोलावं, तशी ती गल्लीभर ओरडत राहिली.

शेवटी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीमामांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "मिसिंग मारतीय, सर." मग इंजिन चालू ठेवून, हाताला जाड फडकं गुंडाळून, त्यांनी पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन लंगडलं. वायर परत बसवली, सावरलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याची वायर काढली आणि काहीच झालं नाही. होती तीच धडधड, त्याच लयीत. मामा वायर हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "तिसरा गप हाय."

एखादा कामात आहे की नाही, हे त्याला काढून बघितल्याशिवाय कळू नये, हे मला जरा लागलंच. वडिलांच्या चार भावांतही तिसरा काका असाच. तो काय करतो, असं कुणी विचारलं की घरात सगळे एकदम पाणी प्यायला उठत. एकदा तो दोन महिने सोलापूरला लेकीकडे राहिला. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, कारण किल्ली तोच द्यायचा. रात्री दाराची कडी कुणी बघेना. आणि आजोबांची एकच गोष्ट रोज नव्याने ऐकणारं माणूस घरात उरलं नाही. घर चालू होतं, पण असंच, हादरत. उभ्या गाडीचं चालू इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्या घेतं, तेव्हा एकेका सिलिंडरच्या वाट्याला चारशे ठोके येतात. ते चारशे चुकले की उरलेले तिघे आपलं काम करून गप्प भावाचं ओझंही ओढतात. घाटात ती विचारात का पडे, ते आता कळलं.

प्लग बाहेर आला तो तव्याच्या बुडासारखा काळा. चांगला प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो, म्हणाले. "चोक वढून मंडईत जाताय, भाजी घेताय, चोक वढूनच परत येताय. तिला गरम व्हायलाच देत न्हाई तुम्ही." प्लगचं टोक साडेचारशे अंशांच्या पुढे तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते, मेथीच्या दोन जुड्यांपुरत्या फेरीत ते कुठलं व्हायला! म्हणजे गाडी म्हातारपणाने नव्हे, तर मी तिला म्हातारी समजून जपल्यामुळे आजारी पडली होती.

मामांनी तारेच्या ब्रशने प्लग घासला, गेज घालून त्याची फट मोजली, आणि कार्बोरेटर न उघडता माझा तो स्क्रू तेवढा उलटा फिरवला. गाडीचा आवाज इतका खाली आला की ती बंद पडली असं वाटून मी पुन्हा चावी फिरवायला निघालो होतो. मामांनी माझा हात धरला आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. बाप्पा स्वस्थ बसले होते.

औषध एकच दिलंय, आठवड्यातून एकदा कासपर्यंत जाऊन यायचं. रविवारी सकाळी सात वाजता निघतो. मागची सीट रिकामी असते, या.