सी शिफ्टमधली कौतिक

बुटीबोरीत कादंबरी शिकवायची तर वेळापत्रक विद्यापीठाचं नव्हे, एमआयडीसीचं पाहावं लागतं. कुणाची साप्ताहिक सुट्टी रविवारी, कुणाची बुधवारी. ए शिफ्टवाला सुटतो तेव्हा बी शिफ्टवाला पंच करत असतो, आणि सी शिफ्टवाला माझ्या व्हरांड्यात येतो तो झोपायला. नाशिकला 1989 मध्ये मुक्त विद्यापीठ निघालं आणि नोकरी सांभाळून बी.ए. करायची सोय झाली. जागं राहून करायची सोय मात्र ज्याची त्याने पाहायची.

अभ्यासक्रमात असो वा नसो, जुनी कादंबरी हाताशी आली की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. स्वतःला पाठ झालेलं पान दुसरा पहिल्यांदा वाचतोय, त्याच्या भुवया आता वर जाणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. मास्तरकीत याहून मोठी चैन नाही. पुढचं सांगून न टाकणं हीच काय ती तपश्चर्या.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्याने छापली. वाचकाला ताटकळत ठेवायची ही विद्या मीही उचलली. ऐन रंगात पुस्तक मिटायचं आणि चहा मागवायचा. मग एका रात्री मिलमधून लूम फिटरचा फोन आला. मागे मशीनचा खडखडाट. “सर, त्या शंकरमामंजीचं पुढं काय होते? इथं पैज लागून राहिली ना!” शंभराहून जास्त वर्षं जुन्या खलनायकावर रात्रपाळीत समोशांची पैज लागते, हे ऐकून माझी झोप गेली ती आनंदाने.

‘बनगरवाडी’ शिकवणं मात्र महागात पडलं. माडगूळकरांच्या या 1955 सालच्या कादंबरीत कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, आणि शाळेपेक्षा लोकांची इतर कामंच त्याच्या गळ्यात पडतात. तास संपला तसा एकाने पीएफचा फॉर्म पुढे सरकवला. “त्या मास्तरनं गावाचं एवढं केलं, तुमाले एक फॉर्म जड होते का?” साहित्याचा जीवनावर परिणाम होतो का, यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा इकडे यावं. माझ्याकडे पुरावा म्हणून पीएफ खात्यांच्या यूएएन नंबरांची एक वही आहे.

खरी मजा उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ची. 1960 ची कादंबरी, संवाद अस्सल वऱ्हाडी. मी वाचायला लागलो की तिची नायिका कौतिक शिक्षणाधिकाऱ्यासारखी बोलते. मोर्शीकडच्या एका पॅकिंगवाल्याला ते सहन होईना. “द्या सर इकडं,” म्हणत त्याने पुस्तक घेतलं आणि वाचू लागला. सी शिफ्टवाला उठून बसला.

वास्तववाद, प्रादेशिकता वगैरे माझ्या नोट्समध्ये होतं. पण वर्गाने तोवर महादेवाला, म्हणजे कौतिकच्या नवऱ्याला, उभं करून जाब विचारायला सुरुवात केली होती.

“शिंपी हाय ना? गारमेंटात लावून देऊ न त्याले!”

“अबे, प्रोबेशनमधीच घरी बसन तो!”

“मंग कौतिकले लावा. लाइन सुपरवायझर!”

ही भरती एकमताने पार पडली. संसाराचा एवढा गाडा ओढणाऱ्या बाईचा अनुभव धरून पगार किती द्यायचा, यावर तेवढं भांडण झालं आणि तास संपला. एखादं पात्र खरं वाटतं म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला एरवी फळा आणि अर्धा तास लागतो.

पुस्तक पॅकिंगवाला घरी घेऊन गेला आणि ते परत येण्याची चिन्हं दिसेनात. विचारलं, तर म्हणाला, “सासू वाचून राहिली, सर. बायको म्हणते, तो महादेव आधीच घराबाहेर काढाले पायजे होता. सासू म्हणते, असं संसारात चालत नाही. दोघी मायलेकींचं बोलणं बंद हाय.” मी मुकाट्याने सीताबर्डीवरून दुसरी प्रत आणली, एका घरात दोन प्रती असलेल्या बऱ्या.

परवा सासूबाईंचा निरोप आला: पुस्तक चांगलं हाय, पण शेवट पटला नाही, सरले म्हणा बदलवून द्या. मी तक्रार रीतसर नोंदवून घेतली आहे. यूएएनच्याच वहीत. पीएफला लागतो तेवढा वेळ लागेल, असं कळवलं आहे.