डालावाली एसयूव्ही

पंडरीत राहणाऱ्या माणसाला साडी आणि गाडी या दोन खर्चांपासून ब्रह्मदेवही वाचवू शकत नाही. घराच्या एका अंगाला रायपूरचा कपडा बाजार, जिथे गावोगावचे दुकानदार गठ्ठे बांधायला येतात. दुसऱ्या अंगाला मोव्याकडे जाणारा रस्ता आणि त्याच्या कडेला ऊन खात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या. मधून पूर्वी धमतरीची छोटी लाइन जायची. तिच्या रुळांच्या जागी आता एक्सप्रेस-वे आहे. पंडरीचा बस स्टँड होता, तोही २०२१ मध्ये भाठागावला हलला. म्हणजे गाडी घ्यायला सबळ कारण सरकारनेच करून दिलं. आमच्या घरी साड्यांचं खातं सौ.कडे आहे आणि तिथे माझी ढवळाढवळ चालत नाही. गाडीचं खातं माझ्याकडे आहे. तिथे तिची चालते.

आमची गरज साधी होती. खरोऱ्याच्या पुढे थोडी शेती आहे. तिथे खत, बियाणं, मोटारपंप आणि अधूनमधून रुसलेला सालदार न्यावा लागतो. दुसरीकडे सगळं गणगोत नागपूरला. नागपूरचे बिंबाजी भोसले १७५८ च्या सुमारास रतनपूरला येऊन राज्य करू लागले. त्यांच्यामागून मराठी माणसं येतच राहिली. कुणी फौजेतून आला, कुणी रेल्वेतून, कुणी मास्तर म्हणून. १९३५ मध्ये रायपुरात महाराष्ट्र मंडळही निघालं. माणसं इकडे स्थिरावली, पण लग्नं, मुंजी आणि बारशी नागपूरलाच राहिली. तेव्हा सोमवार ते शुक्रवार युरियाची पोती आणि शनिवार-रविवार पैठण्या, अशी दोन्ही ओझी वाहील अशी एकच गाडी हवी होती, तीही जुनी.

ही मागणी ऐकून शेजारचे वकीलसाहेब हसले. त्यांना मी ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐकवली. १९३२ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं म्हणतात : रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी गाडी द्या. लुईस बँट नावाच्या तरुण डिझायनरने पुढे मोटार, मागे हौदा असं चित्र काढलं आणि १९३४ मध्ये गिलाँगच्या कारखान्यातून ती गाडी बाहेर पडली. चर्चच्या जागी मंगल कार्यालय घाला, डुकरांच्या जागी धान घाला. बाई आमच्याच वाटतात. वकीलसाहेब म्हणाले, "त्या बाईंनी नवी गाडी मागितली होती." वकील लोकांशी बोलण्यात अर्थ नसतो.

आपल्याकडेही या जातीला कुळ आहे. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल नावाचा पिकअप काढला आणि त्याच बैठकीवर बॉडी चढवून १९९१ मध्ये सिएरा आणली. म्हणजे जिला आज आपण रुबाबात एसयूव्ही म्हणतो, तिचं माहेर मालवाहू आहे. हे लग्नात सांगायचं नसतं, एवढंच. पुढे २००७ च्या सुमारास महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आली, मग टाटांची झेनॉन, २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स. सगळ्यांचा बेत एकच : चार दारं, पाच सीटा, एसी, आणि मागे उघडा डाला. इसुझू हे जपानमधल्या एका नदीचं नाव आहे आणि तिच्या काठी इसेचं मोठं देवस्थान आहे, हे कळल्यावर आमच्या आईने त्या गाडीला हात जोडले. आम्ही घेतलेली गाडी यांच्यापैकीच एक. नाव सांगत नाही, कारण घरात तिला काय म्हणायचं यावर एकमत नाही. मुलगा ट्रक म्हणतो, आई जीप म्हणते, सालदार डाला म्हणतो आणि सौ. 'तुमचं ते' म्हणते.

जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो तेव्हा गाडी धुऊनपुसून उभी होती. डॅशबोर्डवर एवढं पॉलिश की बसल्याबरोबर हात घसरला. यार्डवाल्याने सुरुवात केली, "भैया, सिंगल हैंड गाड़ी है. डॉक्टर साहब की. घर से क्लिनिक, क्लिनिक से घर." हिंदुस्थानातली प्रत्येक जुनी गाडी एकतर डॉक्टरची असते नाहीतर मिलिटरीवाल्याची. बाकीची जनता बहुधा पायी फिरते.

मी बोनेटकडे वळलो. सौ. मागे गेली.

ती साडी कशी घेते हे सांगायला हवं. पदराकडे ती ढुंकूनही पाहत नाही, कारण पदर दुकानदाराने दाखवायलाच ठेवलेला असतो. ती घडी उलटते, आतली बाजू उजेडाला धरते, काठ जिथे जोडला असेल तिथे नख फिरवते. गाडीलाही तिने हाच नियम लावला. दाराचं काळं रबर खाली ओढलं आणि आतल्या पत्र्यावर कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके जागच्या जागी आहेत का ते पाहिलं. ठिपके गायब असतील तर पत्रा बदललेला असतो. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे वाचले. एक काच बाकीच्यांपेक्षा धाकटी निघाली. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मीटर म्हणत होतं गाडी जेमतेम चालली आहे, तर ब्रेकच्या पायट्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. हे सगळं तिला कुठून कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मोबाइलवर. तुम्ही क्रिकेट पाहून राहिले होते तेव्हा."

मग तिने डाल्यातलं रबरी मॅट उचललं.

मॅटखाली कोपऱ्यात ओलसर मातीचा थर होता आणि त्यातून चार-पाच फिकट पिवळी पाती वर आली होती. बोटभर लांबीची, मॅटखाली दबून वाकलेली. धान उगवलं होतं. एका पात्यावर दवाचा थेंबसुद्धा होता. गाडी सकाळीच धुतली होती, पण थेंब शोभून दिसत होता. सौ.ने एक रोप हलकेच उपटलं, मुळाशी चिकटलेला दाणा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "अहो, डॉक्टरसाहेब क्लिनिकमध्ये रोवणी करत होते का?"

यार्डवाला क्षणभरही डगमगला नाही. "भाभीजी, शगुन है. लक्ष्मी है."

"लक्ष्मी आहे तर तिचे पैसे कमी करा," असं तिने हिंदीत सांगितलं आणि फाटकाकडे चालू लागली. पंडरीत भाव दुकानात ठरत नाही, पायरीवर ठरतो. हे कपडा बाजाराचं शास्त्र यार्डालाही लागू पडेल का, याची मला शंका होती. पण तिने फाटक ओलांडायच्या आत हाक आलीच. दरम्यान आमचा मिस्त्री गाडीखाली शिरून, चेसिसवर पान्याने ठोकून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "बने हे भैया." छत्तीसगढी मिस्त्री जास्त बोलत नाही. तो जास्त बोलायला लागला तर गाडी घेऊ नये.

आता कागद. या जातीच्या गाडीत खरी मेख इंजिनात नसते, आरसीत असते. तीच गाडी पांढऱ्या पाटीची असेल तर खासगी आणि पिवळ्या पाटीची असेल तर मालवाहू. खासगीला १५ वर्षं शांतता. मालवाहूला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरसाल. आमची पांढरी होती. नागपूरची एमएच-३१ पासिंगची आणखी एक होती आणि आपल्या माहेरची म्हणून सौ.चं मन तिच्यावर गेलंही होतं. पण परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागते, नव्याने कर भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो, हे कळल्यावर माहेरची ओढ आटोक्यात आली. सीजी-०४ वाली घेतली. फॉर्म २९, फॉर्म ३०, आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत नावावर करायचा. एवढ्या सह्या मी लग्नातही केल्या नव्हत्या.

गाडी दारात आली आणि मग पंडरीला कळलं की आमच्याकडे डाला आहे.

साध्या मोटारीच्या मालकाला लोक विचारतात, "एव्हरेज किती?" डालावाल्याला विचारतात, "रविवारी रिकामे आहात ना?" वकीलसाहेबांचा फ्रिज, समोरच्या मावशींचं लाकडी कपाट, कुणाच्या तरी मुलाचं वसतिगृहातलं सामान. कॉलनीचा गणपती दुर्गजवळच्या थनौदहून आणायचा, तर कार्यकर्ते आमच्या दाराशी. त्याला महादेव घाटावर पोचवायचा, तरी आमच्याच दाराशी. बाप्पा निदान शांत बसतात. कपाटाबरोबर येणाऱ्या मावशी "हळू, बाबा, हळू" असं मोव्यापर्यंत म्हणत असतात. कुणी पैसे विचारले तर घेता येत नाहीत, कारण पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारणं हा गुन्हा आहे. म्हणजे समाजसेवा आमच्यावर कायद्यानेच लादलेली आहे.

नागपूरचा प्रवास हा स्वतंत्र विषय. डाला रिकामा असला की मागचे पाटे कडक होतात आणि गाडी खड्ड्या-खड्ड्यावर उसळते. मागच्या सीटची पाठ सरळ असते. आईला ती आवडली, कारण तिच्या मते हल्लीच्या गाड्यांत माणूस बसत नाही, लोळतो. पण आत्याच्या कमरेने तक्रार केली. उपाय मिस्त्रीनेच सांगितला : डाल्यात दोन पोती टाका. आता आम्ही नागपूरला निघताना एचएमटी तांदळाची दोन पोती टाकतो आणि गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाते. अडचण एवढीच, की पोती पाहून मेहुणा म्हणतो, "भाऊजी, एवढं कशाला आणलं?" आणि उतरवून घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी निवडून काढलेलं हे वाण छत्तीसगडात पिकतं आणि आमच्या सस्पेन्शनपायी पुन्हा विदर्भात पोचतं.

एकदा भाचीच्या लग्नाला रुखवत घेऊन निघालो होतो. ताडपत्रीखाली साखरेची देवळं, करंज्यांची गाडी, रंगीत रव्याची तुळस. वाटेत एका ठिकाणी गणवेशातल्या भाऊंनी हात दाखवला.

"क्या माल है?"

"रुखवत."

"वो क्या होता है?"

मी सांगू लागलो. मुलीकडचे देतात, मांडून ठेवतात, पाहुणे पाहतात, कुणी खात नाही. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बेचने का नहीं, खाने का नहीं, तो ले क्यों जा रहे हो? बिल दिखाओ." तेव्हा आत्या खाली उतरली. आधी तिने ताडपत्री उघडून त्यांना साखरेचं देऊळ दाखवलं, कळस कसा बसवला ते सांगितलं, मग एक करंजी त्यांच्या हातावर ठेवली. भाऊंनी ती तिथेच खाल्ली आणि रस्ता मोकळा केला. करंज्यांच्या गाडीचं एक चाक कमी झालं. कार्यालयात व्याह्यांच्या ते लगेच लक्षात आलं.

आता कुणी विचारलं की अशी जुनी डालावाली गाडी घ्यावी का, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : घ्यावी, डोळे मिटून नाही, मॅट उचलून घ्यावी. आधी आरसीत 'खासगी' आहे का पाहा, मग चेसिस, मग काचांचे आकडे. मुख्य म्हणजे साडी पारखणारं माणूस सोबत न्या आणि भावाचं बोलणं फाटकाजवळच करा. गाडी पाच मीटरच्या वर लांब असते, तेव्हा घरासमोरची जागा टेपने मोजा. शक्य असेल तर गाडी अंधार पडल्यावर घरी आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डाल्यावर झाकण बसवून घ्या. ते बाजारात तयार मिळतं. कुलूप असलेलं घ्या.