स्लॅब, सळई आणि सिग्नल

बंगल्याचा स्लॅब पडताना मी छत्री घेऊन उभा होतो. कंत्राटदाराने एकही सळई खाऊ नये म्हणून. आता त्याच सळया वायफाय खातात. राउटर तळमजल्यावर, टीव्हीच्या कपाटात, बंद दाराआड. दिवाणखान्यात वायर दिसलेली हिला चालत नाही. चिरंजीव दुसऱ्या मजल्यावर, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. ‘आवाज येतोय का?’ एवढंच त्यांचं काम आम्हाला खालपर्यंत ऐकू येतं.

शेवटी मेश वायफाय आणलं, सिग्नल पुढे पोचवणाऱ्या तीन डब्यांचं. जिथे रेंज औषधालाही नाही, तिथेच मी एक डबा थाटात ठेवला. वाढप्याच्या हातात रिकामी बादली! त्यालाच सिग्नल मिळेना, तो वाढणार काय? ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण स्लॅब दिसला की पाय गळतात, २.४ पलीकडे पोचतं, पण रमतगमत. डबा जिन्याच्या वळणावर आणला, तेव्हा कुठे चिरंजीवांचा चेहरा हलू लागला. डबे आपसात केबलने जोडले तर आणखी उत्तम, म्हणे. बिनतारीसाठी तार! त्यासाठी भिंतीतून एक रिकामा पाइप टाकून ठेवा, असं इलेक्ट्रिशियन बांधकामाच्या वेळीच म्हणाला होता. तो खर्च मीच वाचवला.