आतला फोटोवाला

वळसंगसारख्या सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या गावात जुनी गाडी विकायला निघाली, की मालक आधी ती धुतो आणि मग आतल्या फोटोवाल्याला बोलावतो. बाहेरचे फोटो शेंबडं पोरही काढतं. खरी कसोटी आत.

गाडी पत्र्याच्या शेडात असते. एका अंगाला कडबा, दुसऱ्या अंगाला खताची पोती, दार वीतभर उघडतं. बाहेर काढावी तर बॅटरी उतरलेली. मग आधी उजवा पाय, मग मोबाईल, मग उरलेला स्वतः, अशा हप्त्यांनी हा गृहस्थ आत शिरतो.

"टॉर्च बंद करा."

"अण्णा, काय सांगलालाव? अंधार आहे की!"

"दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की सीटला कावीळ होते, मालक. पांढरा टॉवेल आणा."

सोलापूरचा टॉवेल कुठं कुठं जाऊन अंगं पुसतो. इथं मालकाचा मुलगा तो दारापाशी ताणून धरतो आणि त्यावर आपटलेलं ऊन सीटखाली शिरतं. फ्लॅश वर्ज्य, कारण तो काचेत उमटतो. सीट उजळली की काचेबाहेर पांढरं फटक, काच सांभाळली की सीट गुडुप. म्हणून मोबाईल टेकवून, टायमर लावून, कमीजास्त उजेडाचे तीन फोटो काढून तो एकात एक मिसळतो. तेवढा वेळ श्वास रोखायचा, मालकानंसुद्धा. शेजारच्या म्हशीनं खांबाला अंग घासलं, की पुन्हा पहिल्यापासून.

"जरा ऐसपैस दिसू द्या," मालक सुचवतो.

"वाईड लेन्सनं आल्टोची इनोव्हा होते, पण गिऱ्हाइकाचे गुडघे तेवढेच राहतात."

पंचाईत पुढंच आहे. मालकानं सांगितलेलं असतं, "घरगुती वापर. गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला, बस्स." फोटोत मात्र मागची मॅट झिजून खालचा पत्रा दिसतो, दारावर चुन्याची बोटं, सीटच्या फटीत चिल्लर. वडापचा सगळा इतिहास लख्ख.

"एवढा उजेड कशाला पाडला?"

"अंधार फुकट होता की, मालक."

म्हणून घेणारे अडून बसतात, फोटो त्याच्याकडूनच काढून पाठवा. वर्षभरानं त्यांतलाच एखादा तीच गाडी विकायला काढतो, त्यालाच फोन लावतो आणि दर विचारायच्या आधी म्हणतो, "अण्णा, यंदा टॉवेल नको."