पोटातले कावळे, इंग्रजीत

रजेचा अर्ज नववीतल्या त्या मुलाने स्वतः लिहिला होता, समास सोडून, वळणदार अक्षरात. 'माय ग्रँडफादर हॅज किक्ड द बकेट, काइंडली ग्रँट मी टू डेज लीव्ह.' वर्गशिक्षक एकदा अर्जाकडे बघत, एकदा त्याच्याकडे. हसावं, तर पोराचे आजोबा गेलेले.

सातारा जिल्ह्यातली मराठी शाळा. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याच्या वेळी एबीसीडीची गाठ पाचवीत पडायची. गाईडात त्या वाक्प्रचारापुढे 'मरण पावणे' एवढंच छापलेलं. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' यावर वाढलेल्या मुलाने तेच केलं. पण फ्रान्सिस ग्रोसने १७८५ साली लंडनमध्ये कोश काढला तो मुळी बाजारू बोलीचा, आणि ही बादली तेव्हाच त्यात होती. म्हणजे मराठीत 'आजोबा गचकल्यामुळे रजा मिळावी' असं लिहिण्यासारखंच झालं! गाईडवाल्याला एक कंस टाकायला काय जात होतं?

पावसाच्या निबंधात मात्र त्याची मांजरं-कुत्री बिनबोभाट पडत. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली, उच्चभ्रूंच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या पुस्तकात ती पाडली होती. तेव्हाच शिळी झालेली ही जनावरं आपल्या शाळांतून अजून ताजी म्हणून वाढली जातात. अर्थात आपल्याकडे आभाळातून मुसळं पडतात, तेव्हा फार बोलू नये.

पुढे तो नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला गेला. पहिल्याच आठवड्यात साहेब हसत म्हणाला, 'आय अ‍ॅम जस्ट पुलिंग युअर लेग.' याची झोप उडाली. पाय ओढण्याचा मराठी अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. खेकड्यांची गोष्ट ऐकतच तो मोठा झालेला. साहेब स्वतःच पाय ओढतो म्हणाल्यावर नोकरी पक्की व्हायची कशी? थट्टा होती, हे कळायला दोन रात्री गेल्या.

खरी गंमत सादरीकरणाच्या दिवशी झाली. शेजारच्या टेबलावरची बाई हात चोळत म्हणाली, पोटात फुलपाखरं उडताहेत. मराठी पोटात भीतीचा गोळा येतो. पंखवालं काही असलंच तर ते भुकेचं. त्याने लगेच खणातून डबा काढून आईने दिलेला चिवडा तिच्यापुढे धरला. ती बिचारी गोंधळली, पण मूठभर घेतला. मग याने हातवारे करून समजावलं: आमच्याकडे फुलपाखरं नाहीत, कावळे असतात. ओरडतात. जेवायची वेळ टळली की जास्तच.

दुसऱ्या दिवशी एक वाजला तशी ती खुर्ची मागे सारत उठली आणि डब्याकडे बघून म्हणाली, 'क्रोज?'