आप्पा सरचिटणीस

कोर्टाच्या आवारात नवा पक्षकार आला की तो वकील शोधतो. मुरलेला पक्षकार आप्पांना शोधतो. नाव आप्पाच असेल असं नाही. सांगलीत त्यांना अण्णा म्हणत असतील, साताऱ्यात तात्या आणि सोलापुरात मामा. पण वकिलाचा कारकून आणि कारकून संघटनेचा सरचिटणीस अशा दुहेरी अवतारात हा गृहस्थ जिल्ह्याच्या प्रत्येक कोर्टात वावरत असतो.

आमचे आप्पा कोल्हापूरचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं: एक स्वतःसाठी आणि दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. दुसऱ्यात रिफिल नसते, त्यामुळे ते नेहमी परत येतं. काखेत बस्ता, पिशवीत दाभण, दोरा, डिंक आणि पंचिंग मशीन. गळ्यात कोर्टाचं ओळखपत्र. त्यावर 'नोंदणीकृत कारकून' ही अक्षरं बारीक आहेत, म्हणून आप्पांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात आपलं संघटनेचं व्हिजिटिंग कार्ड अशा बेतानं सरकवलंय की पुढच्याला आधी 'सरचिटणीस' दिसावं आणि मग, वेळ उरलाच तर, माणूस.

वकिलाकडे बार कौन्सिलची सनद असते. आप्पांकडे सनद नाही, बारावीचं मार्कलिस्ट आहे, आणि तेही ते फारसं दाखवत नाहीत. तरीही कोर्टातल्या प्रत्येक विजयात त्यांचा वाटा असतो. "काल आम्ही स्टे घेतला" असं ते सांगतात तेव्हा 'आम्ही'मध्ये सीनियर वकील दुसऱ्या नंबरावर असतात. दावा हरला की मात्र "साहेबांचं आर्ग्युमेंट जरा कमी पडलं." कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून पक्षकारानं काही विचारलं की ते दोन्ही हात वर करतात. "हे बघा, मी काय सांगणार? साहेबांनाच विचारा. पण जामीन काय आज हुत नाही. डबा आणून ठेवा." संध्याकाळपर्यंत डबा लागतोच.

आप्पांचा उदय मात्र कोर्टात झाला नाही, संघटनेत झाला. विशीत ते एका ज्येष्ठ वकिलांकडे लागले तेव्हा पानांवर नंबर टाकणं, इंडेक्स लिहिणं आणि वकालतनाम्यावर तिकिटं चिकटवणं एवढंच काम होतं. त्या काळात संघटनेच्या वार्षिक सभेला खुर्च्या मांडायला माणूस हवा होता. आप्पांनी खुर्च्या मांडल्या. पुढच्या सभेला त्यांनी खुर्च्या मांडून घेतल्या. त्यानंतर वर्गणी गोळा करायचं काम कुणीच घेईना, ते आप्पांनी हौसेनं घेतलं, आणि तिथं त्यांचं नशीब फळफळलं.

वर्गणीचं पावतीपुस्तक ही काय चीज आहे, हे तोवर संघटनेत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हातात पावतीपुस्तक असलेला माणूस कुठल्याही टेबलाजवळ जाऊन उभा राहू शकतो. आप्पा एसटीनं कागल, गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लज, आजरा असं सगळीकडे फिरले. प्रत्येक कोर्टातल्या प्रत्येक कारकुनाची त्यांनी पावती फाडली आणि फाडताना नाव, गाव, वकील, मोबाइल आणि चहा साखरेचा की बिनसाखरेचा, ही सगळी माहिती मनात टिपून ठेवली. पावतीचा मूळ भाग सभासदाला, स्थळप्रत संघटनेला आणि माणूस आप्पांना, अशी ती वाटणी होती.

याचा उपयोग काय, ते एका अपिलाच्या वेळी बघायला मिळालं. राधानगरीच्या दिवाणी कोर्टात एक जमिनीचा दावा हरला होता. जिल्हा न्यायालयात अपील करायची मुदत 30 दिवस. ऑफिसातला ज्युनिअर बोटं मोजत बसलेला, बोटं संपली आणि चेहरा पांढरा पडला. आप्पांनी बस्त्यातून निकालाची नक्कल काढली, उलटी केली आणि मागच्या शिक्क्यावर नख ठेवलं. नकलेसाठी अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख. 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 12 म्हणतं की नक्कल मिळवायला लागलेले दिवस मुदतीतून वगळायचे. "निकालाच्या दिवशीच अर्ज टाकलाय. बारा दिवस लागले नकलेला. म्हणजे बारा दिवस खिशात हाईत. पाणी प्या." ज्युनिअर पाणी प्यायला.

यातलं कलम 12 ज्युनिअरलाही परीक्षेला होतं. पण निकाल लागला त्याच दुपारी, पक्षकार अजून कपाळाला हात लावून बसलेला असताना, नकलेचा अर्ज टाकला कुणी? राधानगरीच्या एका कारकुनानं, आप्पांच्या एका फोनवर. आणि त्यानं तो का टाकला? कारण त्याच्या मुलीच्या लग्नात संघटनेतर्फे मिक्सर घेऊन आप्पा जातीनं हजर होते. मुदतीच्या कायद्यात मिक्सरचा उल्लेख नाही, पण अपील मुदतीत बसलं ते मिक्सरमुळे.

हळूहळू सीनियरांच्या ध्यानात आलं की आपल्या कारकुनाचं टपाल आपल्यापेक्षा लांब पोचतं. कुठल्या तालुक्यात बेलिफ रजेवर आहे, समन्स बजावून परत आलं की नुसतंच परत आलं, रोजनाम्यात काल काय लिहिलं गेलं, सगळं आप्पांना सकाळी साडेदहाला बोर्ड लागायच्या आत माहीत. पगार वाढला. पक्षकार कारकून फी न मागता देऊ लागले. दुसऱ्या वकिलांनी आप्पांना फोडायचा प्रयत्न केला. आप्पा गेले नाहीत, पण प्रयत्न झाल्याची बातमी सीनियरांच्या कानावर व्यवस्थित गेली. ती कुणी घातली, हे अद्याप न्यायप्रविष्ट आहे.

आप्पांचा पुतण्या अमेरिकेत असतो. एका गणपतीत तो आला आणि काकांना सांगू लागला, की तिकडे या कामाला पॅरालीगल म्हणतात, त्यांची राष्ट्रीय संघटना 1975 साली निघाली, दुसऱ्याच वर्षी तिनं परीक्षा सुरू केली, आणि करिअर करायचं तर संघटनेच्या समित्यांवर काम करा, अधिवेशनांना जा, ओळखी वाढवा, असं तिथली जाणती मंडळी नव्या पोरांना सांगतात. प्रमाणपत्र टिकवायला पाच वर्षांत 50 तासांचं शिक्षणही घ्यावं लागतं. आप्पांनी मोदक खाली ठेवला. "पन्नास तास? आमची एक कार्यकारिणी बसली की तेवढी चालतीया." पण पुतण्या गेल्यावर त्यांनी संघटनेच्या लेटरहेडवर 'प्रशिक्षण समिती' अशी एक ओळ वाढवून घेतली. अध्यक्ष: आप्पा.

समितीनं पहिलं काम खरोखरच चांगलं केलं. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेले आकडे एका रात्रीत बदलले. 302 चं 103 झालं, 420 चं 318. आप्पांनी जुनं कलम-नवं कलम असा तक्ता छापून प्रत्येक टेबलावर वाटला. वरच्या निम्म्या भागात आप्पांचा हात जोडलेला फोटो आणि 'सौजन्य', खालच्या निम्म्या भागात दंडविधान, मुंगीच्या अक्षरात. भल्याभल्या वकिलांनी तो तक्ता काचेखाली ठेवला. पुढचे कित्येक महिने एखादा वकील मान खाली घालून कलम शोधताना दिसला की लांबून तो आप्पांना नमस्कार करतोय असंच वाटायचं.

वार्षिक सभा म्हणजे आप्पांचा दिवाणखास. विषयपत्रिकेवर अकरा विषय असतात. अहवाल 'वाचला असे समजण्यात' येतो, हिशेब 'मंजूर असे समजण्यात' येतो आणि निवडणूक बिनविरोध झाली, असं तर सभेला येण्याआधीच समजलेलं असतं. एकदा एका तरुण सभासदानं उठून विचारलं, की सरचिटणीसपदाला मुदत किती? आप्पांनी त्याचं मनापासून कौतुक केलं, असे जागरूक तरुण हवेत असं म्हणाले आणि त्याला तिथल्या तिथं घटनादुरुस्ती समितीवर घेतलं. समितीची बैठक सरचिटणीस बोलावतात. अजून बोलावलेली नाही.

शेवटी 'आयत्या वेळचे विषय' येतात आणि आप्पा दरवर्षीचं भाषण करतात. इथं मात्र हसणारे गप्प होतात, कारण माणूस खरं बोलतो. वकालतनाम्यावर वकील कल्याण निधीचं तिकीट लागतं. तो निधी 1981 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं आला. ते तिकीट चिकटवतो कारकून. वकील गेला तर त्याच्या घरच्यांना निधीचा आधार. कारकून गेला तर सभासदांनी टोपी फिरवायची. "केरळात 2003 साली आमच्या लोकांसाठी कल्याण निधीचा कायदा झालाय. केरळात! ते काय आमच्यापेक्षा जास्त डिंक लावत्यात?" टाळ्या पडतात. निवेदन तयार होतं. पालकमंत्री बदलले की निवेदन पुन्हा टाइप होतं. आप्पांकडे त्याची सॉफ्ट कॉपी आहे, फक्त 'मा. नामदार' पुढचं नाव बदलायचं.

त्यांच्याबद्दल कुजबुजणारेही आहेत. कुठल्या टेबलावर काय ठेवलं की काय हलतं, हे आप्पांना माहीत आहे म्हणतात. माहीत असेलही. पण मी पाहिलंय ते असं, की आक्षेप निघालेली फाइल घेऊन दुसरा कारकून खिडकीशी वाद घालत असतो तेव्हा आप्पा बाजूला बसून दाभणानं नवी शिवण घालत असतात. पान 43 वर सही राहिलीय, तर राहिलीय. ती आणायची. "खिडकीतला माणूस आपला दुश्मन न्हाई. त्येच्या वरबी कुणीतरी हाय," हे त्यांचं सगळं न्यायशास्त्र.

मग 17 ऑगस्ट 2025 उजाडला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. कित्येक दशकांचं आंदोलन फळाला आलं होतं. त्या आंदोलनाच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत आप्पा आहेत. नेते मध्यभागी, हातात फलक. आप्पा कडेला, अर्धे. पण मंडप, माइक आणि चहा पूर्ण त्यांचा होता.

पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात बार रूममध्ये एक चमत्कारिक शांतता पसरली. जिल्हा न्यायालयात गर्जणाऱ्या पुष्कळ वकिलांना उच्च न्यायालयाची वहिवाट ठाऊक नव्हती. दाखल करताना मिळतो तो स्टॅम्प नंबर, आक्षेप काढले की मग खरा नंबर. आणि प्रकरण बोर्डावर लवकर यावं म्हणून द्यायचा कागद, ती प्रेसिपी. ती लिहायची कशी, द्यायची कुठं, किती वाजेपर्यंत? पुस्तकात शोधायला वेळ नव्हता आणि ज्युनिअरला विचारायला तोंड नव्हतं.

आप्पांना मात्र हे सगळं तोंडपाठ होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं फाइलींचे गठ्ठे घेऊन त्यांनी मुंबईच्या इतक्या वाऱ्या केल्या होत्या, की त्यांची खरी शाळा फोर्टातच भरली. तिथल्या कारकुनांना ते दरवेळी गूळ न्यायचे. त्यांच्या संघटनेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचे आणि त्यांच्या सत्काराला आपली शाल न्यायचे. त्या वेळी आम्हाला वाटायचं, आप्पांना मिरवायची हौस. हौस होतीच. पण गुळाच्या प्रत्येक ढेपेमागे एक फोन नंबर घरी येत होता. आता बेंचच्या खिडकीवर काही अडलं की आप्पा कोपऱ्यात जाऊन मुंबईला फोन लावतात, दोन मिनिटं प्रकृतीची चौकशी करतात, अर्ध्या मिनिटात उत्तर घेतात.

परवा एक नामांकित फौजदारी वकील, ज्यांच्यासमोर सरकारी वकीलही जपून बोलतात, काळा कोट सावरत आप्पांच्या बाकड्याशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "आप्पा, त्या प्रेसिपीचं जरा बघायचं होतं."

आप्पांनी उठून खुर्ची दिली. चहा सांगितला. चष्मा लावला, वही उघडली आणि वहीतून मान वर न काढता विचारलं, "बघू की साहेब, आपलंच काम हाय. तुमच्या क्लार्कनं यंदाची वर्गणी भरलीया का तेवढं सांगा."

वकीलसाहेबांनी आयुष्यात कधी उलटतपासणीत पडती बाजू घेतली नव्हती. त्यांनी पाकीट काढलं आणि मागची दोन वर्षंही भरून टाकली.